आणि मालगाडी आली

कामशेतच्या फलाटावर लोकलची वाट बघताना सात-आठ वर्षांचा एक मुलगा आजीला गोष्ट सांगत होता. ससा विहिरीपाशी पोचला, सिंह आत डोकावला, तेवढ्यात आजी म्हणाली, "अगं बया! मग?" मुलगा थांबला. "आजी, डोन्ट इंटरप्ट. आमच्या टीचर ओरडतात." आजीनं पदर तोंडाला लावला. "न्हाई बाबा, न्हाई बोलत." मग सिंह विहिरीत पडला, तो अगदी मुकाट्यानं.

मला त्या सिंहाची दया आली.

आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. नाही दिला तर सांगणारा विचारतो, "झोपलास का रे?" शाहिरामागे झीलकरी 'जी जी' करत उभे असतात. तमाशातल्या गवळणीत मावशी कृष्णाला एक वाक्य धड पुरं करू देत नाही, आणि पैसे वसूल होतात ते तिच्यामुळेच. डेबोरा टॅनन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ साली कॅलिफोर्नियात एका थँक्सगिव्हिंगच्या जेवणातल्या गप्पा ध्वनिमुद्रित केल्या. न्यूयॉर्कची मंडळी एकमेकांच्या वाक्यांत बिनदिक्कत घुसत होती, आणि त्यांच्या लेखी ती आपुलकी होती. कॅलिफोर्नियावाले मात्र गप्प होत गेले. बाईंनी आमच्या घरची दिवाळी ऐकायला हवी होती.

मावशीवरून माझी मावशी आठवली. तिचं घर कामशेतला रुळांच्या इतकं जवळ की गाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजायची. तिथली बोलण्याची रीतच निराळी. धडधड सुरू झाली की बोलणारा असेल त्या शब्दावर थांबायचा, हात हवेत तसाच. शेवटचा डबा गेला की पुढचा शब्द. 'काय बरं म्हणत होते मी?' असं कुणी विचारायचं नाही. एकदा मावशी शेताच्या बांधावरून जावेशी भांडत होती. आवाज टिपेला पोचलेले. "तुला लाज..." मावशी म्हणाली, आणि मालगाडी आली. दोघी कमरेवर हात ठेवून एकमेकींकडे बघत अंगणात उभ्या. डब्यांमागून डबे. जाऊबाई कंटाळल्या, खाली वाकून परातीतल्या तांदळातले खडे वेचायला लागल्या. मावशीनं पायानंच पाट त्यांच्याकडे सरकवला. गाडी गेली. "...न्हाई वाटत?" मावशीनं वाक्य पुरं केलं खरं, पण त्यातला दम गेला होता. मग चहाच टाकला तिनं. बांध कुणाचा ते माझ्या माहितीप्रमाणे अजून ठरलेलं नाही.

खंडाळा ते पुणे रेल्वे १४ जून १८५८ रोजी सुरू झाली, म्हणजे कामशेतकरांच्या बोलण्यात ती तेव्हापासून मध्ये पडते आहे. तिचा स्वतःचा प्रवास तरी कुठे सलग होता? बोरघाटाचं काम पुरं व्हायला १८६३ उजाडलं. तोवर मुंबईचे उतारू खोपोलीला उतरायचे, पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे.

इंटरप्ट संगणकातही असतो. कळ दाबली की प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, कुठवर आलो होतो ते टिपून ठेवतो, नवं काम उरकतो आणि नेमक्या त्याच जागी परततो. मावशीला हे रेल्वेनं शिकवलं होतं. मोबाइलनं कुणाला काही शिकवलेलं दिसत नाही. आपण बोलत असताना समोरचा खाली बघून पडद्यावर बोट फिरवतो. मध्ये एक शब्द बोलत नाही बिचारा, शाळेत त्याला पैकीच्या पैकी मिळतील. मला मात्र त्याच्यापेक्षा ती 'अगं बया' म्हणणारी आजी हजारदा परवडली.

आणि हो, द्रुतगती मार्गानं मुंबईकडे जाताना कुणाशी फोनवर बोलत असाल (गाडी अर्थातच दुसरं कुणी चालवत असेल), तर महत्त्वाचं वाक्य कामशेतच्या बोगद्याआधी संपवून टाका. माझा फोन तिथे हमखास तुटतो.