मनीच्या बागेतलं सायकस

पुणे

चि. मुग्धा,


तू पाठवलेले फोटो काल निवांत मोठे करून पाहिले. फाटकाजवळचं ते बुटकं, डौलदार झाड पाम नाही, सायकस आहे. आधीच्या मालकांनी ‘सागो पाम’ म्हणून सांगितलं यात त्यांचा दोष नाही, नर्सरीतसुद्धा ते त्याच नावानं विकतात. पण तुझ्या घरात मनी आहे, म्हणून हा फरक तुला आजच कळायला हवा. सायकसचं पान, खोड, मूळ सगळंच मांजराला विषारी असतं, आणि बी सगळ्यांत जास्त.

माझ्या शब्दावर थांबू नकोस, स्वतः झाडापाशी जा. एक पाती दोन बोटांत धर. मधोमध एकच ठसठशीत शीर लागेल, कडा खालच्या बाजूला वळलेल्या असतील आणि टोक बोटाला टोचेल. मग कुंडीतल्या त्या दुसऱ्या झाडाकडे वळ, तो बुटका फिनिक्स, म्हणजे आपल्या शिंदीचाच भाऊबंद. त्याची पाती मऊ असते, लांबीत पन्हळीसारखी दुमडलेली, आणि पानाच्या देठाशी पात्यांचे चक्क लांब काटे झालेले असतात. लोक या दोघांत हमखास गल्लत करतात. फिनिक्स विषारी नाही, पण ते काटे मनीच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. खालची पानं कापून टाक.

सगळ्यांत पक्की खूण नव्या पानांची. पामाला नवं पान एकेक येतं, मिटलेलं, सरळ वर. सायकस महिनोन्महिने गप्प राहतं आणि मग एका दमात पानांचं अख्खं कडं बाहेर काढतं. त्या कोवळ्या पानांवर लव असते आणि प्रत्येक पाती आतल्या बाजूला गुंडाळलेली असते. ते दिवस फार थोडे असतात. दिसलं तर जवळ बसून बघ, मला अजूनही त्याचा कंटाळा येत नाही.

तुझं झाड मादी आहे. शेंड्यात जो तपकिरी, लोकरीसारखा गोळा दिसतो आहे, त्याच्या आत तीन-चार सेंटिमीटरच्या केशरी-लाल बिया धरतात. नराला याऐवजी उभा लांब शंकू येतो. फूल मात्र दोघांनाही कधीच येत नाही, कारण सायकसचं नातं पाइनच्या बाजूचं आहे आणि पामाचं गवत, केळी, आलं यांच्याकडचं. 1896 मध्ये जपानच्या इकेनो या शास्त्रज्ञाने याच जातीत पोहणाऱ्या शुक्रपेशी शोधल्या. बी धरणाऱ्या झाडाने नेच्याची ती जुनी रीत अजून सांभाळून ठेवली आहे! आणि लंडनच्या क्यू बागेत सायकसच्याच गणगोतातलं, दक्षिण आफ्रिकेतून 1775 साली आणलेलं एक झाड आजही कुंडीत उभं आहे. अशा झाडावर कुऱ्हाड चालवायला माझा हात धजणार नाही, तुझाही धजू नये.

पण विषाचं काय ते नीट समजून घे. त्यातलं सायकॅसिन आतड्यात गेलं की तिथले जिवाणू ते फोडतात, आणि जे सुटतं ते यकृतावर घाव घालतं. ओकिनावात लोक या झाडाच्या खोडाचा आणि बियांचा स्टार्च खात, पण पुन्हा पुन्हा धुऊन, आंबवून, वाळवून. 1920च्या दशकात साखरेचे भाव कोसळले तेव्हा तिथल्या गरिबांना त्यावरच दिवस काढावे लागले, आणि नीट न धुतलेलं खाऊन माणसं दगावली. मांजराच्या एवढ्याशा देहाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मनीने चावलंच, तर आधी उलट्या, लाळ, मरगळ दिसेल. एक-दोन दिवसांनी कावीळ. त्या उलट्यांची वाट बघायची नाही. पान कुरतडताना दिसली की तडक पशुवैद्याकडे, आणि झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नकोस, त्याने आणखी घात होतो. यावर उतारा नाही. लवकर पोचणं एवढंच आपल्या हातात असतं.

म्हणून माझं मत असं: झाड तोडू नकोस, पण तिथे ठेवूही नकोस. ज्यांच्याकडे कुत्रं-मांजर नाही, रांगतं पोर नाही, अशा घरी ते दे. सायकस हलवणं बऱ्यापैकी सोसतं. त्या जागी अरेका लाव. अरेका, ऱ्हापिस, चॅमेडोरिया हे तिन्ही खरे पाम, मांजराला निर्धोक. अरेकाच्या दाट बुंध्याशी मनी दुपारभर सावलीत पडेल, पान चावलं तरी काळजी नाही. फक्त उन्हाळ्यात बुलबुल त्यात घरटं करतो, तेवढे आठवडे तिला सकाळ-संध्याकाळ घरात घे. फिशटेल, म्हणजे आपला भेरली माड, मात्र लावू नकोस. त्याच्या फळाच्या रसाने कातडीला भयंकर खाज सुटते.

झाड हलेपर्यंत विचारल्याशिवाय फवारणी नको, हे माळीबुवांनाही सांगून ठेव. सायकसवर पांढरी खवले कीड पडली की फवारणी होते, आणि पर्मेथ्रिनच्या जातीची औषधं मांजराचं यकृत पचवू शकत नाही. पुष्पगुच्छातली लिली तर घरात आणायचीच नाही. तिचे नुसते परागकण अंगावर पडून मांजराने चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

झाड काढायचं ते नव्या पानांचं कडं यायच्या आधी. हातमोजे घाल. खणताना मातीच्या वरच्या थरात गाठाळ, फाटे फुटलेली मुळं दिसतील, त्यांना रोग समजून छाटू नकोस. त्यांत निळे-हिरवे जिवाणू राहतात आणि झाडाला हवेतला नत्र मिळवून देतात. बुंध्याशी फुटलेली पिल्लं वेगळी करून, झाड ज्यांना देशील त्यांनाच दे. तुटलेली पानं-मुळं वेचून होईपर्यंत मनीला बाहेर सोडू नकोस.

तुझी,
मावशी