निर्यात : शून्य टक्के

"आमचा माल मुंबईले जाते, साहेब. पुढचं मुंबईवाल्याले पुसा." हिंगणघाट, देवळी, आर्वी, कुठल्याही जिनिंगमध्ये निर्यातीचा विषय काढला की असंच काहीतरी ऐकायला मिळतं. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत विचारायचं असतं एवढंच : तयार मालापैकी थेट निर्यात किती टक्के? मालक शून्य सांगतो, आणि ते खरंही असतं. गाठी त्यानं बांधल्या, पण शिपिंग बिल मुंबईच्या निर्यातदाराच्या नावावर. वर्ध्याची रुई बांगलादेशात कातली गेली तरी आमच्या तक्त्यात तिचा पत्ता नसतो.

म्हणून मी बिलांची फाईल मागतो, तीही मुनीमजींकडे. पाहणी म्हटलं की मालकाला आयकर आठवतो. मुनीमजींना मात्र आपल्या फायलींचा अभिमान असतो. हंगामात जायचं नाही, कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. पोळ्यानंतरचे दिवस बरे. हिशेब लागलेले असतात आणि चहाही मिळतो.

रुईच्या गाठींवर एरवी 5 टक्के जीएसटी. मधेच एखाद्या बिलावर 0.1 टक्के दिसला की ओळखायचं, हा माल निर्यातदार व्यापाऱ्याला गेला. ऑक्टोबर 2017 मध्ये आलेली ही सवलत. अट अशी, की बिलापासून 90 दिवसांत माल देशाबाहेर जायला हवा. त्यामुळे मागे शिपिंग बिलाची प्रत टाचलेली सापडते, आणि तिच्यावर बंदर, देश, वजन सगळं असतं. एककं तेवढी सांभाळायची : कापूस क्विंटलमध्ये, गाठ साधारण 170 किलोची, भाव 356 किलोच्या खंडीचा. एवढं खणून काढलेलं शेऱ्यात जातं. रकान्यात शून्यच, कारण रकाना थेट निर्यातीचा आहे आणि तो बदलायचा अधिकार मला नाही. आयातीचंही तसंच. सूतगिरणीनं परदेशी सुटा भाग नागपूरच्या डीलरकडून घेतला, की थेट आयातीत तो धरायचा नाही.

मालाचा पत्ता नेहमीच असा हरवत नव्हता. 1860च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीनं मँचेस्टरचा कापूस तुटला, तेव्हा इथल्या मालावर इंग्रजांचं बारीक लक्ष होतं. रिव्हेट-कार्नॅक हे तर मध्य प्रांत-वऱ्हाडचे खास कापूस कमिशनर. लिव्हरपूलच्या बाजारात तेव्हा 'हिंगणघाट' या नावानं भाव निघायचा.

आता फेब्रुवारी 2020 पासून शिपिंग बिलात मालाचा मूळ जिल्हा लिहिणं सक्तीचं आहे. चांगलं झालं. पण एकाच कंटेनरमध्ये वर्धा, यवतमाळ आणि अमरावतीच्या गाठी असल्या तर भरणारा काय लिहील? मला विचाराल तर मागच्या बिलात जो जिल्हा होता, तोच.