दोन घड्याळांचं घर

पालेगावात दिवस रिक्षांनी उजाडतो. सहा वाजले न वाजले तोच सोसायट्यांच्या फाटकांशी शेअर रिक्षा लागतात. तिघं मागे, चौथा ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून, आणि एकामागोमाग एक त्या अंबरनाथ स्टेशनाकडे सुटतात. जुन्या गावाच्या भोवती आता उंच इमारती झाल्या आहेत. वरच्या मजल्यांवरून मलंगगडाकडची डोंगररांग दिसते. वारा फिरला की एमआयडीसीचा वासही येतो. पण सकाळच्या त्या दोन-अडीच तासांत डोंगराकडे कुणी बघत नाही. 1856 साली कल्याणहून खोपोलीकडे रूळ गेले, तेव्हापासून या पट्ट्याची वेळ रेल्वेच्या ताब्यात आहे. इथली माणसं 'आठला निघतो' असं मोघम बोलत नाहीत, गाडीची मिनिटं सांगतात. सीएसएमटी इथून 60 किलोमीटर. घरून निघताना चुकलेलं एक मिनिट ऑफिसात पोचेपर्यंत अर्धा तास झालेलं असतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

नऊच्या सुमारास रिक्षांचा आवाज विरळ होतो आणि इमारतीत दुसराच दिवस सुरू होतो. वरच्या मजल्यावर डबे भरले जातात. समोरच्या दारामागून अकरावीच्या मुलांना ऑनलाइन अकाउंट्स शिकवणारा आवाज येतो. कुणाकडे केकवर क्रीम चढत असतं, कुणाकडे साडीला फॉल-पिको चाललेला असतो. दारावर पाटी कुणाच्याच नाही. लिफ्टमध्ये भेटलो की आम्ही एकमेकींना अजून 'मी घरीच असते' असंच सांगतो. दुकान असतं ते फोनमध्ये.

माझं दुकान परकर-पोलक्यांचं. लहान मुलींची, सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतची. खण येतो गुळेदगुड्डचा, कर्नाटकातून. अस्तर, काठ आणि लेस घ्यायला मी उल्हासनगरला जाते, गजानंद मार्केटात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथला पत्ता कॅम्प एक, कॅम्प दोन असाच सांगतात. रिकाम्या हाताने आलेल्या त्या घरांमधल्या बायकांनी बराकींत पापड लाटले, पुरुषांनी ते गाडीत आणि रस्त्यावर विकले. घरात माल करायचा आणि दूरच्या गिऱ्हाइकाला विकायचा, हा उद्योग या भागाला इंटरनेटने शिकवलेला नाही.

मी ज्या सेठकडून अस्तर घेते, ते सकाळी शटर वर करतात, झुलेलालच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळतात आणि मग गादीवर बसतात. त्याआधी कुणी दर विचारला तर 'बेटा, बैठो' एवढंच. रात्री शटर खाली आलं की दुकान संपलं. त्या पत्र्याच्या खडखडाटाचा मला फार दिवस हेवा वाटत आला आहे. फोनमधल्या दुकानाला शटर नाही. नागपूरहून कुणी रात्री पावणेबाराला माप विचारतं, न्यू जर्सीतली आजी पहाटे चारला पोलक्याचा रंग विचारते. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते आणि नात कुशीत असते. तिचं काही चुकत नाही.

आणि हे दुकान ज्या घरात आहे, त्या घराला तर दारंच दारं. 'तू घरीच असतेस ना?' हे वाक्य प्रश्न म्हणून कुणी विचारतच नाही. सिलिंडर घ्यायचा, शेजारच्या काकूंची किल्ली ठेवायची, तीन घरांची पार्सलं उतरवून घ्यायची, प्लंबर आला तर 'जरा उभी राहा'. सासूबाई अगदी मायेने म्हणतात, 'तुझं काम चालू दे गं, तेवढा कुकर फक्त बघ.' राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषाची 88. आपल्या जुन्या हिशेबात घटिका म्हणजे 24 मिनिटं आणि दिवसरात्र मिळून 60 घटिका. म्हणजे बाराएक घटिका, दिवसाचा पाचवा हिस्सा, दुकानाचा पहिला मेसेज वाचण्याआधीच खर्ची पडलेला असतो. वेळेचं नियोजन शिकवणारी पुस्तकं बहुधा उरलेल्या घटिकांपासून सुरुवात करतात.

मुंबईने एके काळी दोन घड्याळं पाळली होती. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबई आपली जुनी 'मुंबई-वेळ' सोडेना. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. गाड्या एका वेळेने धावत, शहरातली कितीतरी घड्याळं दुसरी वेळ दाखवत, आणि हे पुढे अनेक दशकं चाललं. गिरणी कामगार तर या बदलावर संतापले होते. आकाशातला सूर्य होता तिथेच आणि भोंगा मात्र आधी वाजणार होता. कोणत्या घड्याळाने कामाला लागायचं, हा प्रश्न पोटाचा आणि मानाचा होता. माझ्या घरात अशीच दोन घड्याळं आहेत. एक कुकरच्या शिट्टीचं, पाण्याच्या वेळेचं, शाळेच्या बसचं. दुसरं ऑर्डर, पार्सल आणि पेमेंटचं. त्या दोघांना एकच वेळ दाखवायला लावणं कुणालाच जमत नाही. त्यांच्यामधली 39 मिनिटं कुणाच्या पदरात टाकायची, एवढंच ठरवावं लागतं.

फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ टेबलावर ठेवून अभ्यास केला: 25 मिनिटं काम, मग थोडी विश्रांती. त्यातून 'पोमोडोरो' पद्धत निघाली आणि जगभर गेली. तिची एक फेरी आपल्या घटिकेपेक्षा एका मिनिटाने मोठी. घटिका मोजायला भोक पाडलेलं वाटीसारखं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की घटिका झाली. लग्नघरात मुहूर्त असाच मोजत. दोन्हीकडे वेळेचे जवळजवळ सारखेच तुकडे.

पण माझ्या धंद्यात असा सरसकट कापलेला वेळ चालत नाही, कारण इथल्या प्रत्येक कामाची जात निराळी. खण बेतणं आणि कापणं हे अखंड काम. मध्येच बेल वाजून उठलं की खडूची रेघ आणि डोक्यातलं माप यांची फारकत होते, आणि दोन्ही काठ जुळणार तिथे बोटभर फरक पडतो. हिशेबाचंही तसंच. फोटो काढणं सूर्याच्या मर्जीवर. आमची गॅलरी पूर्वेची. सकाळचं तिरपं ऊन तासभर असं येतं की खणाचा आडवा-उभा धागा वेगळा चमकतो आणि गर्द जांभळा जांभळाच दिसतो. दहानंतर तोच रंग फोटोत काळपट होतो आणि मग 'ताई, फोटोतला रंग वेगळा होता' अशी तक्रार येते. हुक लावणं, काज करणं, दोरे कापणं, खोक्यात कागद घालून घडी बसवणं ही तुटक कामं. ती बोलता बोलता होतात, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत होतात, मुलाचे पाढे ऐकताना होतात. उलट ज्या कामाला बोलणं लागतं, म्हणजे गिऱ्हाइकाची उत्तरं, ते शिवणाच्या मध्ये घेतलं की शिवणही जातं आणि उत्तरही कोरडं जातं.

ई. पी. थॉमसन या इंग्रज इतिहासकाराने 1967 च्या एका प्रसिद्ध लेखात हाच भेद मांडला. कारखान्याआधीची माणसं कामाच्या मापाने जगत, म्हणजे गाय पिळून झाली की पिळून झाली. कारखाना आला आणि माणसं तासाच्या मापाने जगू लागली. पहिल्या मापात काम आणि आयुष्य यांच्यात भिंत फारशी नसते, असंही त्याने नोंदवलं आहे. आमच्या इमारतीतल्या बायका त्या जुन्या मापाकडे परत आल्या आहेत; फरक एवढाच की हातातल्या फोनमध्ये कारखान्याचं घड्याळही चालूच आहे.

म्हणून मी दिवस तासांनी न मांडता जातींनी मांडते. ऊन असेपर्यंत फोटो. घर रिकामं झालं की दार लावून कापणी. त्या वेळात काकूंची किल्लीसुद्धा काकूंनीच सांभाळायची, असं मी त्यांना हसत सांगितलं आणि त्यांनी ते हसतच ऐकलं. दुपारी तुटक कामं. या सगळ्याला एकच खुंटी: चार वाजता कुरिअरचा मुलगा येतो. 'ताई, झालं?' एवढंच विचारतो आणि पायानेच लिफ्टचं दार धरून उभा राहतो. खालच्या गाडीत त्याच्या अजून कितीतरी इमारती बाकी असतात. भिंतीवरचं वेळापत्रक मी वाकवू शकते, त्याला वाकवू शकत नाही.

अशी खुंटी किती मोलाची, हे लिज्जतच्या बायकांकडून कळतं. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे हजारो घरं त्यात आली, तेव्हा रीत अशी बसली की सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. तिथे वजन होतं, प्रत पाहिली जाते, मजुरी मिळते. मधल्या चोवीस तासांत कुणी कधी लाटलं, पोराला पाजून लाटलं की रात्री सगळे निजल्यावर, हे केंद्र विचारत नाही. ते फक्त तराजूपाशी थांबतं. घरात काम करणारीला एवढंच घड्याळ पुरतं आणि तेवढं लागतंच. माझ्यासाठी गावातल्या एक मावशी शिवतात. मी कापलेले तुकडे गाठोड्यात बांधून देते, शुक्रवारी त्या शिवून आणतात. मधले दिवस त्यांचे. त्यात त्यांचं घरचं एखादं कार्य होऊन जातं, पाहुणे येऊन जातात, आणि शुक्रवारी गाठोडं येतं.

वर्षाचीही अशीच एक खुंटी आहे. संक्रांत. काळ्या खणाचा परकर, त्यावर हलव्याचे दागिने, आणि बोरनहाण. रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी करता येतं, पण आयांना कपडा संक्रांतीआधी हातात हवा असतो. संक्रांतीनंतर पोचलेला काळा परकर पुढल्या वर्षी त्या मुलीला आखूड होतो. त्यामुळे दिवाळीचा फराळ करतानाच माझ्या डोक्यात काळा खण येतो. सण जवळ असतात तेव्हा आम्ही पुढच्या सणात राहत असतो. गणपतीत दिवाळी, दिवाळीत संक्रांत. अंगावरचे सण जरा परके होतात, हे खरं. पण पौषातल्या एखाद्या दुपारी कुणीतरी फोटो पाठवतं: काळा परकर, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावरून ओघळणारी बोरं-चुरमुरे, आणि त्या वर्षावाने भांबावून रडू की हसू अशा बेतात असलेली मुलगी. दिवाळीतल्या त्या हरवलेल्या संध्याकाळचा हिशेब मग मी मांडत नाही.

डिसेंबर मध्यावर आला की 'संक्रांतीच्या ऑर्डर बंद' असा स्टेटस ठेवते. धंद्याच्या चढत्या दिवसांत दार लावून घेणं जिवावर येतं. पण जेवढं वेळेत शिवून होईल तेवढंच कबूल करणं, यापलीकडे वेळ राखण्याचा दुसरा उपाय मला सापडलेला नाही. बाकीचे सगळे उपाय जास्त कबूल करून झाल्यानंतरचे.

रोज रात्री नऊला दुकानही बंद. व्हॉट्सअॅप आपोआप निरोप पाठवतं. त्यात नमस्कार आहे, सकाळी दहाची वेळ आहे आणि मुलीची उंची कमरेपासून घोट्यापर्यंत कशी मोजायची तेही लिहिलं आहे. पावणेबाराला विचारणारी बाई आता सकाळपर्यंत माप घेऊनच ठेवते. तिला तेवढंच हवं होतं. एखादी दुसरीकडे जातही असेल. गजानंद मार्केटातले सेठ रात्री शटरबाहेरून परतलेली गिऱ्हाइकं मोजत बसत नाहीत. मीही ती मोजायची सोडली आहेत.