अब्बा-अम्मी जेद्दाला येतात तेव्हा

देगलूरहून कोणी आमच्याकडे जेद्दाला येणार असलं की पहिला फोन सामानाचा असतो. काय काय आणू? मी म्हणते, काहीही आणा, फक्त खसखस आणू नका. मागच्या खेपेला हे ऐकून अम्मी थोडा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "बिना खसखस का शीरखुर्मा होता क्या?"

होतो. आम्ही इतकी वर्षं करतोच आहोत. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते, पण सौदी अरेबियात अमली पदार्थांच्या यादीत आहे. पाव किलोची पुडी असो की मसाल्यात दळलेली असो, विमानतळावर सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. जायफळ, पान, गुटखा हेही घरीच ठेवावं. आंब्याचं लोणचं, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त आणा. फक्त बरणीचं झाकण चिकटपट्टीने पक्कं करा, नाहीतर तेल सगळ्या कपड्यांना लागतं.

याहून मोठी भीती दुसऱ्यांच्या पुड्यांची. गल्लीत एकदा कळलं की अमुक घरचे जेद्दाला चाललेत, की लोक पिशव्या घेऊन येऊ लागतात. कोणाचा मुलगा इथे ड्रायव्हर असतो, कोणाचा जावई दुकानात. नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. तरी अब्बांना मी बजावलं होतं की शिवलेलं किंवा सीलबंद काही घ्यायचं नाही. प्रत्येक पिशवी देणाऱ्याच्या समोर उघडायची आणि आपल्या हाताने पुन्हा भरायची. एक शेजारी त्यावरून रागावले. रागावू द्या. बॅगेत जे निघेल त्याचा जबाब बॅगवाल्यालाच द्यावा लागतो.

औषधांचंही तसंच. आपल्याकडची मोठी माणसं सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून एका डब्यात भरतात. इकडे येताना असं करू नका. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या मुक्कामाला पुरतील एवढ्या आणा. झोपेच्या आणि काही तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर इथे कडक निर्बंध आहेत, म्हणून तशा गोळ्या चालू असतील तर आधी कळवा. परवानगी लागते की नाही ते इथून बघता येतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ नावाने खाल्ला. मराठवाड्यात आपली नावं लिहिण्याची जुनी पद्धत म्हणजे शेख अमुक शेख तमुक. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि बायकांच्या नावापुढे कुठे 'बी' तर कुठे 'बेगम'. मुलीच्या पासपोर्टवर आईचं जे नाव आहे तेच आईच्या स्वतःच्या पासपोर्टवर असायला हवं, नाहीतर नातं सिद्ध करताना खोळंबा होतो. अम्मीचं नाव दुरुस्त होईपर्यंत एक अख्खा हिवाळा गेला. म्हणून पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी दोघांची नावं अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला कोणत्या शहरात जायचं, हेही आधीच पक्कं करा. देगलूरकराला हैदराबाद आणि मुंबई यांत एका रात्रीच्या प्रवासाचा फरक पडतो.

विमानासाठी मात्र हैदराबादच बरं. देगलूरला रेल्वे नाही, पण अकोल्याहून नांदेडमार्गे संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 161 गावाला लागूनच आहे. मदनूर आलं की तेलंगणा सुरू होतो. पुढे पिटलम, जोगीपेठ, संगारेड्डी. हैदराबादजवळ आल्यावर शहरात न शिरता बाहेरच्या रिंग रोडने शमशाबादला उतरता येतं. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर असलं तरी रस्ता चांगला आहे. तरीही विमानाच्या वेळेआधी आठ-नऊ तास घर सोडावं. पोहोचवायला दोन गाड्या भरून माणसं नेण्याचा आपला शौक आहे, त्यात रस्त्यात नमाज आणि चहा आलाच.

थेट उमराहची नियत असेल तर एहराम हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत राहिला तर ती बॅग जेद्दालाच भेटते, आणि मीकात तर विमानातच, त्याआधी येतो. पुरुषांनी एहराम शमशाबादलाच बांधलेला उत्तम. विमानात थंडी असते, पायांवर घ्यायला शाल मागून घ्या. आधी लेकीकडे राहायचं आणि मग उमराह करायचा असेल तर मसला वेगळा आहे. तो तिकीट काढण्याआधी आपल्या आलिमांना विचारा.

इथे पोहोचल्यावरची अडचण मात्र कोणी सांगत नाही. पहिले आठ दिवस मक्का-मदीनेच्या आनंदात जातात. हरमैन रेल्वे 2018 मध्ये सुरू झाली, ती ताशी तीनशे किलोमीटर वेगाने धावते. रेल्वे नसलेल्या गावातून आलेले अब्बा त्या गाडीत खिडकीला कपाळ लावून बसले होते. पण त्यानंतर? आम्ही कामावर, मुलं शाळेत, बाहेर ऊन, आणि गल्लीत चिटपाखरू नाही. देगलूरला फजरनंतर हॉटेलात चहा आणि चार माणसांचा गराडा ही अब्बांची सवय. इथे ते चौथ्या मजल्याच्या खिडकीत उभे राहायचे. शेवटी मशिदीत त्यांना निजामाबादकडचा एक ड्रायव्हर भेटला. सीमेवरच्या माणसाला तेलुगू येतेच. मग रोज असरनंतर दोघं पायरीवर बसून तेलुगूत बोलायचे. आई-वडिलांना बोलावणार असाल तर हरमच्या वेळापत्रकासोबत अशी एखादी पायरीही शोधून ठेवा.

आणि एक गोष्ट त्यांना घरून निघण्याआधीच सांगा. मी ती सांगितली नव्हती.

रमजान आमच्याकडे झाला, ईद झाली. परतीचं तिकीट जवळ आलं तसं अब्बांनी विचारलं, आणखी थोडे दिवस थांबून हज करूनच गेलो तर? कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की पैसे दिले की सगळं होतं. ह्यांनी नाही म्हटलं. अब्बा माझ्याकडे बघून म्हणाले, "इत्ते नजदीक आके भी नक्को बोलते क्या?" तीन दिवस ते आमच्याशी धड बोलले नाहीत.

भेटीच्या व्हिसावर हज करता येत नाही. 2025 मध्ये एक जिल्कदपासून असा व्हिसा असलेल्यांना मक्केत शिरायला किंवा राहायलाही मनाई होती. परवान्याशिवाय हजला गेलेल्याला वीस हजार रियालपर्यंत दंड, आणि त्याला नेणाऱ्याला किंवा आसरा देणाऱ्याला एक लाखापर्यंत. पण मी अब्बांना दंडाचं सांगितलं नाही, 2024 चं सांगितलं. त्या हजमध्ये उष्णतेने तेराशेहून जास्त माणसं गेली. सौदी सरकारने सांगितलं की त्यांत दर शंभरात त्र्याऐंशी विनापरवाना आलेले होते. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, बस नाही. पन्नास अंशांच्या उन्हात मैलोन्मैल पायी चालायचं. अब्बांच्या गुडघ्यांत आता मशिदीच्या चार पायऱ्यांचीही ताकद नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच विषय काढला. हज कमिटीचा फॉर्म कधी निघतो? मग मी त्यांना मक्केतल्या निजामांच्या रुबातची माहिती दिली. हैदराबाद संस्थानाच्या हाजींसाठी केलेली ही राहण्याची सोय आजही चालते. तेलंगणा आणि कर्नाटकातल्या जुन्या निजामी जिल्ह्यांबरोबर मराठवाड्याच्या हाजींनाही तिथे हक्क आहे. नावं कुर्राने निघतात आणि राहणं मोफत असतं. संस्थान 1948 मध्ये संपलं तरी देगलूरच्या माणसाचा तो हक्क शिल्लक आहे, हे ऐकून अब्बा पहिल्यांदा हसले. त्यांच्या वालिदांकडून त्यांनी रुबातचं नाव ऐकलं होतं म्हणे.

जाताना झमझमचे पाच-पाच लिटरचे सीलबंद कॅन घेतले. ते बॅगेत भरायचे नसतात, वेगळे द्यायचे असतात. मदनूर ओलांडल्यावर अब्बांचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि लगेच म्हणाले, फॉर्मला अम्मीचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं ना?