गोळी आणि पोटऱ्या

कोलेस्टेरॉलची रात्रीची गोळी सुरू झाल्यापासून माझं लक्ष सारखं पोटऱ्यांकडे. जिना चढताना मांड्या भरून आल्या की पहिला संशय स्टॅटिन गटातल्या या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनवर; वय आणि लांबलेली फेरी यांचा नंबर नंतर. डॉक्टरांनी सीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारं रक्तातलं एन्झाइम, तपासून घेतलं. आकडा नॉर्मल. दुखणं मात्र रिपोर्ट वाचत नाही.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० जण. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीच्या काळातला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. हायसं वाटायला हवं होतं, तर उलट जरा अपमानच वाटला. पण त्यांची कळ खरीच होती. मग धास्तीही स्नायूंत उतरते का?

स्टॅटिन मुळात बुरशीतलं. आकिरा एंडो यांना १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन मिळालं, ते क्योटोतल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीतून. डबा पुसताना आपण नाक मुरडून टाकून देतो, तसलीच ती. तिच्यावरून सुचलेली गोळी आता माझ्या यकृताला शिस्त लावतेय.

पुढच्या भेटीत विचारणार आहे, डोस कमी करून पाहू या का? आणि बरं वाटलं, तर श्रेय कुणाला द्यायचं?