अपुरा आकडा

माणसाला उतारवयात कशाचा नाद लागेल, याचा नेम नाही. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ निवृत्तीनंतर बासरी शिकू लागले आणि वर्षभरात त्यांच्या शेजाऱ्यांनी बिऱ्हाड हलवले. मला नाद लागला तो बिनतारी यंत्राचा. ह्या नादाचा शेजाऱ्यांना फारसा उपद्रव होत नाही, एवढा एक गुण त्याच्या पदरी नक्कीच आहे.

नाद लागण्याचे कारण मात्र गमतीचे नव्हते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. आमचे दिघी हे गाव श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. घराबाहेर आले की खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा किल्ला दिसतो. त्या दुपारी मात्र किल्ला दिसेना, खाडी दिसेना, अंगणातील तुळससुद्धा दिसेना. वारा शमला तेव्हा माड आणि पोफळी आडव्या झालेल्या होत्या, वीज गेली होती आणि दूरध्वनीचे मनोरे मुके झाले होते. माझी मुलगी पुण्याला असते. पक्ष्याच्या वाटेने मोजले तर पुणे आमच्यापासून शंभर किलोमीटरही नाही. तरी 'आम्ही सुखरूप आहोत' ही तीन शब्दांची बातमी तिला सहाव्या दिवशी समजली, आणि तीही माणगावकडे निघालेल्या एका ट्रकचालकाच्या मुखाने.

त्या पाच दिवसांत मी ओटीवर बसून एकच विचार करीत असे. तार नाही, मनोरा नाही, वीज नाही, तरीही माणसाचा शब्द माणसापर्यंत पोहोचवता येईल असे साधन जगात आहे की नाही? साधन होते. हौशी बिनतारी चालक, ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात, ते पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले आहेत. त्यासाठी सरकारचा परवाना लागतो आणि परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. जन्मभर मी दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. साठी उलटल्यावर माझ्यावर उत्तरपत्रिका लिहिण्याची पाळी आली. विद्युत्‌शास्त्राचा एक भाग आणि नियमांचा दुसरा. माझ्या शेजारच्या बाकावर तेरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. तो माझ्या आधी अर्धा तास उठून गेला. जाताना त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा मी पूर्वी परीक्षागृहात कितीतरी मुलांना दाखवली होती. ती कशी लागते, हे त्या दिवशी मला कळले.

तर असा मी परवानाधारी झालो. माझे यंत्र हाताच्या पंज्यात मावते. त्याची शक्ती अवघी ५ वॅट. पूर्वी देवघरात रात्रभर जळणारा 'झिरो'चा दिवासुद्धा ह्याच्या तिप्पट वीज खात असे. यंत्रातून निघणारी लहर सेकंदाला सुमारे साडेचौदा कोटी वेळा कंप पावते आणि तिची लांबी दोन मीटर, म्हणजे उंच माणसाहून थोडी अधिक असते. ह्या अतिउच्च कंपनांच्या लहरींचा स्वभाव मोठा सरळमार्गी. त्या नाकासमोर चालतात. पुढे डोंगर आला की बहुतेक तेथेच अडतात आणि क्षितिजापलीकडे पृथ्वी वाकली तरी ह्या फारशा वाकत नाहीत. म्हणून ह्या विद्येत पैशापेक्षा उंचीला मोल आहे. जो टेकडीवर चढला त्याचा आवाज दूर जातो.

लहरींना एका दिशेला वळवण्यासाठी विशेष प्रकारची अँटेना लागते. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात यागी आणि उदा ह्या दोन संशोधकांनी ती १९२६ च्या सुमारास सिद्ध केली. एका दांड्यावर ओळीने बसवलेल्या आडव्या सळ्या, एवढेच तिचे रूप. घराघरांच्या छपरांवर दूरदर्शनसाठी पूर्वी अशाच सळ्या दिसत आणि त्यांवर कावळे बसत. मी बांबूला ॲल्युमिनियमच्या पाच सळ्या बांधल्या. प्रत्येक सळी मीटरभर लांब. मागची थोडी मोठी, पुढच्या थोड्या लहान. पत्नी म्हणाली, "पडद्याच्या दांड्या शोधते आहे मी कालपासून." मी काही बोललो नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या भागातील काही हौशी मंडळींनी आपसात एक स्पर्धा ठरवली. रविवारी दुपारी तीन ते सायंकाळी सात, ह्या चार तासांत जास्तीत जास्त चालकांशी बोलायचे. बोलायचे म्हणजे गप्पा मारायच्या नाहीत. आपले नाव सांगायचे. नाव म्हणजे सरकारने दिलेला संकेत. आपण कोणत्या चौकोनात आहो ते सांगायचे आणि आपला अनुक्रमांक द्यायचा. पहिल्या माणसाला झिरो झिरो वन, दुसऱ्याला झिरो झिरो टू, असे पुढे चालायचे. समोरच्यानेही तसेच सांगायचे. दोघांनी एकमेकांचे सारे नीट ऐकून लिहून घेतले तरच ते संभाषण धरायचे.

चौकोन म्हणजे काय, ते सांगायला हवे. हौशी चालकांनी साऱ्या पृथ्वीवर अक्षांश-रेखांशांचे जाळे टाकले आहे. त्यातील एक चौकोन आमच्याकडे पूर्व-पश्चिम सुमारे २१० व उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर भरतो. आमचा चौकोन 'एम के ६८'. अलिबाग, माथेरान, पुणे हीही त्यातच. मुंबईची उपनगरे 'एम के ६९' मध्ये, महाबळेश्वर 'एम के ६७' मध्ये आणि रत्नागिरी 'एम के ६६' मध्ये. संभाषणांच्या संख्येला चौकोनांच्या संख्येने गुणायचे, की झाले गुण. त्यामुळे जुन्याच चौकोनातील आणखी एक माणूस भेटण्यापेक्षा नव्या चौकोनातील एक माणूस भेटणे केव्हाही मोलाचे. वह्या ताडून पाहणारा कोणी परीक्षक नव्हता. प्रत्येकाने आपली बेरीज आपणच कळवायची, असा करार होता.

पुण्याची नात त्या शनिवारी आमच्याकडे आली होती. ती सातवीत आहे. परवाना नसल्याने यंत्राची बोलण्याची कळ तिला दाबता येत नव्हती. परंतु ऐकायला व लिहायला परवाना लागत नाही. तिने नोंदवही आपल्या ताब्यात घेतली आणि रेघा आखल्या. माझ्या अक्षरावर तिचा विश्वास नव्हता.

आम्ही दोघे गावामागच्या डोंगरावर चढलो. खाली दिघी-आगरदांडा फेरीबोट खाडी ओलांडत होती. बांबू एका दगडांच्या राशीत रोवला आणि तीन वाजता मी हाक दिली. ह्या हाकेला 'सीक्यू' म्हणतात. कोणीही या, असा तिचा अर्थ. प्रथम अलिबाग आले. मग मुंबईचे सात-आठ जण एकामागून एक आले. इंग्रजी अक्षरे कानाला सारखी वाटतात म्हणून ती शब्दांनी सांगतात. एम म्हणजे माइक, के म्हणजे किलो. आपण लहानपणी 'क' कमळाचा म्हणत होतो, तसेच हे. नातीला ही गोष्ट फार आवडली. दोन माणसांच्या मधल्या वेळात ती साऱ्या नातेवाइकांची नावे माइक-अल्फा करून म्हणत होती.

पुण्याकडे सह्याद्रीची भिंत आहे. तिकडून सूं सूं आवाजाखेरीज काही आले नाही. मात्र पुण्याचे दोघेजण हे ओळखून आधीच सिंहगडावर जाऊन बसले होते; त्यांचा आवाज कड्यावरून खरवडत का होईना, पोहोचला. माथेरान स्पष्ट, महाबळेश्वर त्याहून स्पष्ट. सहाच्या सुमारास रत्नागिरी ऐकू आली, तेव्हा मी चकित झालो. सुमारे दीडशे किलोमीटर! एरवी एवढ्या दूरचा आवाज माझ्या यंत्राने कधी ऐकला नव्हता.

त्याचे कारण समोर समुद्रावर लिहिलेले होते; मी वाचले नाही एवढेच. क्षितिजावरची जहाजे पाण्यापासून किंचित वर उचलल्यासारखी दिसत होती. थंडी सरता सरता जमिनीवरची कोरडी, उष्ण हवा समुद्रावरच्या गार, दमट हवेवर जाऊन पसरते. ह्या दोन थरांच्या सीमेवर आमच्या सरळमार्गी लहरी सरळ निघून न जाता खाली वळतात आणि पन्हळीतून पाणी वाहावे तशा समुद्रावरून शेकडो किलोमीटर वाहत जातात. अशी पन्हळ केव्हा जमेल आणि केव्हा मोडेल, ते सांगता येत नाही.

पावणेसात वाजायला आले. सूर्य नुकताच बुडाला होता. वहीत २१ संभाषणे आणि ४ चौकोन, म्हणजे ८४ गुण झाले होते. नात म्हणाली, "आजोबा, किल्ल्याकडे करून बघू या का?" किल्ल्यापलीकडे वायव्येला नुसता समुद्र आहे, तिकडे कोण असणार! पण तिचे मन मोडू नये म्हणून मी बांबू फिरवला आणि हाक दिली.

उत्तर आले.

ते इतके अस्पष्ट होते की प्रथम मला भास वाटला. मग शब्द सुटे झाले. गुजराती वळणाचे इंग्रजी. "माइक लिमा फाइव्ह झिरो... वेरावळ." सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे वेरावळ! मधे सुमारे ४०० किलोमीटर अंतर, त्यातले बहुतेक सारे पाणी. माझे हात थरथरू लागले. मी आमचा संकेत, चौकोन आणि झिरो टू टू हा क्रमांक सांगितला. त्यांनी आपला क्रमांक सांगायला आरंभ केला. झिरो. वन. आणि तिसरा आकडा उच्चारला जात असतानाच लाट फुटावी तसा फेसाळ आवाज आला व सारे बुडाले.

"पुन्हा सांगा," मी म्हणालो. पुन्हा म्हणालो. पाच वेळा, दहा वेळा. समुद्राकडून सूं सूं आवाज येत राहिला. सात वाजेपर्यंत तो तसाच येत होता.

मी पटकन तोंडी हिशेब केला. ते संभाषण धरले तर २२ गुणिले ५, म्हणजे ११०. एका आकड्यासाठी २६ गुण! आणि आकडा मी ऐकला नव्हता असे तरी कसे म्हणावे? 'फाइव्ह' असा काहीसा ध्वनी माझ्या कानात होताच. शाळेत असताना एखाद्या मुलाचे अक्षर पुसट असले तर ते मी त्याच्या बाजूने वाचत असे. आज तीच सवलत स्वतःला द्यावी, असे मला वाटले. खोटे कशाला बोलू? फार वाटले.

"लिही," मी म्हणालो, "झिरो वन फाइव्ह."

तिने पेन्सिल उचलली. पण टेकवली नाही. "आजोबा, मला नाइन ऐकू आलं."

"फाइव्ह होते ते."

"असेल. पण मला नाइन ऐकू आलं."

हे दोन आकडे कानाला फसवतात, ही गोष्ट जुनी आहे. विमानचालक तर ह्याच कारणासाठी 'नाइन' न म्हणता 'नाइनर' म्हणतात. परीक्षेसाठी मीच ते वाचले होते आणि आदल्या रात्री मीच तिला ते सांगितले होते. मला राग आला. कोणाचा आला, ते मी तेव्हा ठरवू शकलो नाही. मी गुडघ्यावरची वही ओढून घ्यायला हात पुढे केला. तिने वही दिली आणि पेन्सिलही दिली. काही बोलली नाही. खाली बंदरात दिवे लागले होते. वहीत तिने वेरावळची ओळ सुरेख अक्षरात लिहिली होती: चौकोन, वेळ, झिरो, वन आणि पुढे एका आकड्यापुरती मोकळी जागा. बराच वेळ मी त्या जागेकडे पाहत राहिलो. मग पेन्सिल तिला परत दिली.

"किती कळवायचे?" तिने विचारले.

"चौऱ्याऐंशी."

डोंगर उतरताना बांबूचे एक टोक तिने धरले होते, एक मी. पायवाटेवर अंधार होता. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "पण वेरावळ ऐकलं आपण!" आणि तिच्या आवाजातला आनंद इतका निखळ होता की मला माझ्या २६ गुणांची लाज वाटली. यादीत आमचा क्रमांक अकरावा लागला. मधल्या गुणांनी आणखी किती वर गेलो असतो, हे मी मोजून पाहिले. ते येथे सांगत नाही.

पुढे ओळखीच्या एका चालकाकडून वेरावळच्या त्या गृहस्थांचा पत्ता मिळवला आणि त्यांना पोस्टकार्ड टाकले. आपला आवाज दिघीला ऐकला, क्रमांक मात्र अपुरा राहिला, एवढेच लिहिले. मे महिन्यात त्यांचे उत्तर आले. हौशी चालक एकमेकांना पाठवतात तसली ती जाड कागदाची पत्रिका होती. एका बाजूला सोमनाथाच्या मंदिराचे चित्र. दुसऱ्या बाजूला त्यांनी हिंदीत लिहिले होते, की आपला क्रमांक मलाही झिरो टू एवढाच मिळाला, शेवटचा आकडा गेला. म्हणून मी आपल्याला गुणांत धरले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. मी दिलेला क्रमांक एकोणीस होता.

नात तेव्हा सुटीसाठी आमच्याकडेच होती. तिने पत्रिका दोनदा वाचली, आत गेली आणि नोंदवही घेऊन आली. वेरावळच्या ओळीतील मोकळ्या जागेत तिने पेन्सिलीने नऊचा आकडा लिहिला. मी चष्म्यावरून पाहतो आहे हे पाहून म्हणाली, "स्पर्धा संपली ना, आजोबा? आता लिहायला काय हरकत आहे?"