सोळांची गणती आणि रंग

गणित म्हटलें कीं मुलें पळ कां काढतात, याचा विचार घरांतील वडीलधाऱ्यांनीं क्वचितच केलेला असतो. पाढे घोकून घेतले म्हणजे कर्तव्य संपलें, अशी पुष्कळांची समजूत असते. पण दहा ही संख्या '१०' अशीच कां लिहावयाची, या प्रश्नापुढें पदवीधर पालकहि अडखळतात. आमची नात हाच प्रश्न पुनःपुन्हां विचारी, आणि म्हणून वर्गांत ती मंद ठरली होती.

तिला आम्हीं संगणकावरील रंगांचे संकेत दाखविले. तेथें प्रत्येक रंग सहा चिन्हांनीं लिहितात : पहिलीं दोन तांबड्या प्रकाशाचीं, मधलीं दोन हिरव्याचीं, शेवटचीं दोन निळ्याचीं. मोजणी दहांची नसून सोळांची. म्हणून दहा ते पंधरा यांसाठीं ए, बी, सी, डी, ई, एफ हीं अक्षरें योजिलीं आहेत. 'एफएफ' म्हणजे पंधरा सोळे आणि वर पंधरा, अर्थात् २५५.

'एफएफ९९००' हा नारिंगी रंग पुढें ठेवून आम्हीं विचारलें, "बाळ, यांतील ९९ म्हणजे किती?"

"नव्व्याण्णव, आजोबा."

"नऊ सोळे किती?"

"एकशें चव्वेचाळीस. वर नऊ... एकशें त्रेपन्न!"

मग तिनें स्वतःच प्रयोग केला. त्या ९९ पैकीं उजव्या नवाच्या जागीं एफ ठेवला, तों डोळ्यांस फरक कळेना. तोच एफ डाव्या नवाच्या जागीं ठेवतांच नारिंगीचा पिवळा झाला! चिन्ह तेंच, पण स्थान बदलतांच मोल सोळापट.

सोळांची गणती आपणांस परकी नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं येईपर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचाच होता. आर्यभटानेंहि 'आर्यभटीया'त प्रत्येक स्थान मागील स्थानाच्या दसपट असल्याचें सांगितलें आहे. त्या दहांच्या जागीं सोळा घातले कीं ही नवी रीत सिद्ध होते. '१०' म्हणजे एक पूर्ण गट आणि वर कांहीं नाहीं. गट केवढ्याचा, हें आपण ठरवावयाचें. नातीच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच होतें.

ज्यांच्या घरीं संगणक नसेल त्यांनीं चिंचोके घ्यावेत आणि मुलांकडून सोळा-सोळांचे ढीग करवावेत. मात्र मूल 'कां?' म्हणून विचारूं लागलें, तर पाढ्यांचें पुस्तक त्याच्या हातीं देऊन त्याला गप्प बसवूं नये, एवढीच आमची घरोघरच्या वडील मंडळीस विनंती आहे.